चांदबिबी कोणाची कोण? : नावे, नाती आणि सनावळी

अहिल्यानगरहून पाथर्डीच्या रस्त्याला लागले की शहा डोंगराच्या माथ्यावरची अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत दुरूनच दिसू लागते. नगर जिल्ह्यात सगळे तिला चांदबिबीचा महाल म्हणतात, शाळांच्या सहली तिथे जातात, आणि पहिल्यांदा येणारा पाहुणा साहजिकच समजतो की इथे राणी राहत असावी. प्रत्यक्षात ती इमारत महाल नाही, आणि तिचा चांदबिबीशी थेट संबंधही नाही. ती सलाबत खान दुसरा याची कबर आहे. हा सलाबत खान मुर्तझा निजामशहा पहिला याचा कारभारी होता आणि १५८९ मध्ये वारला. मुर्तझा हा चांदबिबीचा भाऊ होता. तेव्हा या वास्तूचा तिच्याशी संबंध जोडायचाच झाला, तर तो ‘भावाच्या कारभाऱ्याची कबर’ एवढाच जोडता येतो.

सोळाव्या शतकात विजापूर आणि अहमदनगर या दोन्ही राज्यांचा कारभार पाहिलेल्या चांदबिबीच्या बाबतीत हा घोळ एका इमारतीपुरता राहिलेला नाही. ती विजापूरची राणी होती की अहमदनगरची, इब्राहिम तिचा मुलगा होता की पुतण्या, चांदबिबी आणि चांद सुलताना या दोघी की एकच, ती १५९९ मध्ये मारली गेली की १६०० मध्ये, या प्रश्नांची निरनिराळी उत्तरे छापील पुस्तकांतही सापडतात. हे प्रश्न सोडवण्याचे उत्तम साधन मराठी वाचकाच्या हाताशी आधीपासूनच आहे, असे मला वाटते. ते साधन म्हणजे आपल्या भाषेतील नात्यांचे शब्द. तिच्या काळच्या तवारिखांपैकी, म्हणजे इतिहासग्रंथांपैकी, सर्वांत जास्त वाचली गेलेली तवारीख मुहम्मद कासिम फरिश्ता याची. तो आधी अहमदनगरच्या आणि १५८९ पासून विजापूरच्या दरबारात होता, म्हणजे तिची सासर आणि माहेर अशी दोन्ही घरे त्याने जवळून पाहिली होती. त्याचा फारसी ग्रंथ आधुनिक वाचकांपर्यंत पोहोचला तो मुख्यतः जॉन ब्रिग्ज याच्या १८२९ च्या इंग्रजी भाषांतरातून. इंग्रजीत भावाचा मुलगा आणि दिराचा मुलगा यांना एकच शब्द आहे, आत्या, काकू, मावशी आणि मामी यांनाही एकच. मराठीत ही नाती वेगळी असल्यामुळे प्रत्येक व्यक्ती तिची नेमकी कोण हे एकदा लिहून काढले, की बहुतेक गाठी सुटतात.

आधी नावाचे पाहू. ‘चांद’ हे तिचे नाव आणि ‘बिबी’ हा प्रतिष्ठित स्त्रीच्या नावापुढे लावला जाणारा आदराचा शब्द, आपल्याकडच्या ‘बाई’सारखा. तो आडनावाचा भाग नाही किंवा पदवीही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या ‘बिबी का मकबरा’मधली बिबी वेगळी आहे. ती औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम, आणि तिलाही राबिया-उद-दौरानी असे दुसरे नाव होते. चांदबिबीच्या नावापुढे ‘सुलतान’ हा शब्दही लागतो, आणि बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात. फारसी-तुर्की वळणाच्या दरबारांत ‘सुलतान’ हा शब्द पुरुषाच्या किंवा राज्यकर्त्याच्या नावाआधी आला तर त्याचा अर्थ राजा. स्त्रीच्या नावानंतर आला तर त्याचा अर्थ बहुधा राजघराण्यातली स्त्री एवढाच. तुर्कस्तानच्या हुर्रेम सुलतानच्या नावातला ‘सुलतान’ याच प्रकारचा आहे. चांदबिबीची एक नणंद हदिया सुलतान होती आणि पुतणी खदिजा सुलतान, आणि त्या दोघींपैकी कोणीही राज्य केले नव्हते. अहमदनगरच्या किल्ल्याच्या बचावानंतर लोक चांदबिबीला चांद सुलतान म्हणू लागले, अशी परंपरा आहे. म्हणजे आधीच्या नावापुढे आदराचा आणखी एक मान लागला, नवी व्यक्ती काही उभी राहिली नाही. ‘सुलताना’ हे त्याचेच पुढे रूढ झालेले रूप. चांदबिबी, चांद सुलतान, चांद सुलताना आणि कुठे आढळणारे चांद खातून ही सगळी एकाच स्त्रीची नावे आहेत.

तिला ‘राणी’ म्हणताना मात्र जरा थांबायला हवे. अली आदिलशहाची पत्नी म्हणून ती विजापूरची राणी होती, हे खरे. अहमदनगरात ती कधीही राजाची पत्नी नव्हती, आणि स्वतःच्या नावाने तख्तावरही बसली नाही. दोन्ही ठिकाणी तिने अल्पवयीन राजाच्या वतीने कारभार पाहिला. तिच्यासाठी ‘राजपालक’ हा शब्द थोडा रुक्ष असला तरी अचूक आहे.

आता माहेर. चांदबिबीचा जन्म १५५० च्या सुमाराचा मानतात. तिचे वडील हुसेन निजामशहा पहिला आणि आई खुंझा हुमायून. आजोबा बुऱ्हाण निजामशहा पहिला, आणि पणजोबा अहमद निजामशहा, ज्याने १४९० मध्ये निजामशाही स्थापन केली आणि पुढे अहमदनगर वसवले. या कथेत महत्त्वाचे भाऊ दोन, मुर्तझा आणि बुऱ्हाण. भावाला आजोबांचे नाव ठेवले गेले होते, त्यामुळे ‘बुऱ्हाण निजामशहा’ एवढेच लिहिलेले वाचले, तर तो तिचा आजोबा आहे की भाऊ, हे सन पाहिल्याशिवाय कळत नाही. नातवाला आजोबांचे नाव देण्याची रीत मराठी घरांतही आहेच, त्यामुळे हा गोंधळ आपल्याला परका वाटू नये. पुढे मुर्तझाने आपल्या मुलाचे नाव हुसेन ठेवले, म्हणजे पुन्हा आजोबांचेच. त्याला मिरान हुसेन म्हटले जाते ते वेगळा ओळखू यावा म्हणून, आणि हा मिरान तरी लिहिताना गाळू नये.

तिचे लग्न ही एका राजकीय कराराची बाजू होती. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एकत्र यायचे होते, पण अहमदनगर आणि विजापूर यांचे सोलापूरच्या किल्ल्यावरून जुने वैर होते. तोडगा निघाला तो आपल्याकडे ज्याला साटेलोटे म्हणतात त्या पद्धतीने. हुसेनची मुलगी चांदबिबी विजापूरच्या अली आदिलशहा पहिला याला दिली, आणि अलीची बहीण हदिया सुलतान हुसेनचा मुलगा मुर्तझा याला केली. सोलापूरचा किल्ला चांदबिबीच्या हुंड्यात गेला. ही लग्ने उरकली आणि त्यानंतर २३ जानेवारी १५६५ रोजी तालिकोटची लढाई झाली. साटेलोट्यामुळे हदिया ही चांदबिबीची नणंदही झाली आणि भावजयही. एखाद्या पुस्तकात एका ठिकाणी ‘नवऱ्याची बहीण’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘भावाची बायको’ असे वाचले तर लेखक चुकला असे समजू नये, दोन्ही बरोबर आहेत.

लढाईनंतर काही महिन्यांतच हुसेन वारला आणि मुर्तझा तख्तावर आला. तो लहान असल्याने पहिली काही वर्षे आई खुंझा हुमायून हिने राज्य चालवले, आणि शेवटी मुलानेच तिला कैद करून सत्ता हाती घेतली. चांदबिबीने पुढे जे काम दोनदा केले, ते तिच्या आईने तिच्या डोळ्यांदेखत करून दाखवले होते. आई आणि मुलगी दोघींनीही नगरचे राज्य सांभाळले असल्यामुळे आईच्या कारभारातल्या गोष्टी मुलीच्या नावावर चढवल्या जाण्याचा धोका असतो, म्हणून हे लक्षात ठेवावे : १५६५ नंतरच्या पाच-सहा वर्षांत नगरात ‘राजमाता’ कारभार करते असा उल्लेख आला तर ती खुंझा हुमायून, आणि १५९५ नंतर राजघराण्यातली स्त्री कारभार पाहते असा आला तर ती चांदबिबी.

विजापूरच्या संसारात तिला मूल झाले नाही. १५८० मध्ये अली आदिलशहाचा खून झाला आणि त्याच्या भावाचा, म्हणजे शहा तहमास्पचा, नऊ वर्षांचा मुलगा इब्राहिम तख्तावर आला. (इराणच्या सफवी बादशहाचे नावही शहा तहमास्पच होते, पण त्याचा इथे संबंध नाही.) हा इब्राहिम आदिलशहा दुसरा चांदबिबीच्या दिराचा मुलगा, म्हणजे पुतण्या. ती त्याची काकू, जुन्या शब्दांत चुलती. काही लेखांत त्याला तिचा मुलगा म्हटलेले आढळते, ते चूक आहे. तिने त्याला सांभाळले आणि त्याच्या नावाने राज्यकारभार पाहिला, त्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक असले तरी.

या पहिल्या पालकत्वाची वर्षे वादळी होती. कारभारी कामिल खान डोईजड झाला तेव्हा चांदबिबीने किश्वर खानाच्या मदतीने त्याला दूर केले. मग किश्वर खानच तिच्यावर उलटला आणि त्याने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत पाठवले. अजिंक्यतारा पाहायला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असते, मला माहीत नाही, पण त्या गडाच्या इतिहासात मराठ्यांच्या राजधानीच्या शंभराहून अधिक वर्षे आधी चांदबिबीच्या बंदिवासाचे पान आहे. हबशी (आफ्रिकी वंशाच्या) सरदारांनी किश्वर खानाला पळवून लावले, इखलास खान सत्तेवर आला आणि चांदबिबी सुटून विजापूरला परतली. त्यानंतर दिलावर खान नावाचा दुसरा हबशी सरदार प्रबळ झाला आणि तिच्या हाती फारसे काही उरले नाही.

१५८४ च्या सुमारास ती विजापूर सोडून माहेरी आली. निमित्त लग्नाचे होते. इब्राहिमची बहीण खदिजा हिचा विवाह मिरान हुसेनशी ठरला होता. नाती लावून पाहा : वधू चांदबिबीची पुतणी, वर तिचा भाचा. सासरची मुलगी माहेरच्या मुलाला देण्यासाठी ती वऱ्हाडाबरोबर आली आणि इथेच राहिली. तिच्या आयुष्याचे विजापूर आणि अहमदनगर असे दोन भाग पडतात, त्यांच्यामधली रेघ ही आहे. तिला कोणी विजापूरची म्हणतो आणि कोणी नगरची, त्याचे कारणही हेच : सासर विजापूर, माहेर नगर, आणि कारभार दोन्हीकडे.

माहेरी मात्र पुढच्या अकरा वर्षांत जे घडले ते नावांच्या दृष्टीने सर्वांत अवघड प्रकरण आहे, म्हणून ते सावकाश घेऊ. १५८८ मध्ये मुर्तझाला त्याच्या मुलाने, मिरान हुसेनने, मारले. मिरान हुसेन स्वतः १५८९ मध्ये मारला गेला. मग सरदारांनी बुऱ्हाणचा मुलगा इस्माईल याला तख्तावर बसवले. बुऱ्हाण, म्हणजे चांदबिबीचा दुसरा भाऊ, तेव्हा अकबराच्या आश्रयाला होता. तो १५९१ मध्ये परतला आणि मुलाला बाजूला सारून स्वतः राजा झाला. म्हणून राजांच्या यादीत मुलगा आधी आणि बाप नंतर येतो, यात छपाईची चूक नाही. बुऱ्हाण १५९५ मध्ये वारला आणि त्याचा दुसरा मुलगा इब्राहिम राजा झाला. तो काही महिन्यांतच विजापूरच्या फौजेशी लढताना पडला. म्हणजे एकाच वेळी दोन इब्राहिम होते : विजापूरचा इब्राहिम आदिलशहा हा चांदबिबीचा पुतण्या, आणि नगरचा इब्राहिम निजामशहा हा तिचा भाचा. पुतण्याच्या सैन्याशी लढताना भाचा मारला गेला. सबंध तपशिलातले हे एक वाक्य मला सर्वांत बोचते, आणि इंग्रजीतल्या एका शब्दाने दोन्ही नाती झाकली गेल्यामुळे ते किती वाचकांच्या हातून निसटले असेल, असे राहून राहून वाटते.

मृत इब्राहिमचा तान्हा मुलगा बहादूर. त्याच्या आजोबांची चांदबिबी ही बहीण, म्हणजे नात्याने ती त्याची आजीच लागत होती. तिने त्याचा पक्ष घेतला. पण कारभारी मियां मंजू याने अहमद नावाचा मुलगा राजवंशाचा म्हणून पुढे केला, आणि त्या मुलाचे घराण्याशी रक्ताचे नाते नसल्याचे लवकरच उघड झाले. इखलास खान (विजापुरातला नव्हे, नगरच्या हबशांचा पुढारी) मोती नावाच्या मुलाला घेऊन उभा राहिला. नेहंग खानाने बुऱ्हाण पहिला याचा वृद्ध मुलगा शहा अली याला आणले, जो चांदबिबीचा काका होता. इखलास खान, हमीद खान, सलाबत खान ही मुळात दरबारांनी दिलेली नावे आहेत, ती एकाच्या मागून दुसऱ्याला मिळत आणि शेजारच्या दरबारातही चालत. ‘खान’ दिसला की राज्य कोणते आणि वर्ष कोणते हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

या चौरंगी भांडणात मियां मंजूने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीला बोलावले, आणि मुघल फौजेला दख्खनचे दार उघडले. मुराद आणि मुघल सेनापती खानखाना अब्दुर्रहीम डिसेंबर १५९५ मध्ये अहमदनगरच्या किल्ल्यासमोर येऊन ठाकले. चांदबिबीने बहादूरच्या नावाने किल्ला लढवला. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले होते. त्यांची खबर लागताच किल्ल्यातून उलटे खोदकाम करून काही सुरुंग निकामी करण्यात आले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. घाबरून मागे हटणाऱ्या शिपायांपुढे चांदबिबी चेहऱ्यावर बुरखा आणि हातात नंगी तलवार घेऊन आली, दिवसभर खिंडार लढवले गेले आणि रातोरात ते बुजवण्यात आले. हा प्रसंग तवारिखांत आहे. तोफगोळे संपल्यावर तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी जवाहीर तोफांत भरून डागले, ही मात्र नंतर रंगत गेलेली कथा आहे. १५९६ च्या सुरुवातीला तह झाला : वऱ्हाड मुघलांना द्यायचे आणि बहादूरला मुघलांनी राजा म्हणून मानायचे. म्हणजे किल्ला वाचला आणि प्रांत गेला. ‘चांदबिबीने मुघलांना हरवले’ हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे, आणि उरलेला अर्धा भाग सांगितल्याने तिचे मोठेपण रतीभरही कमी होत नाही.

मुरादचा वेढा आणि दानियालचा वेढा हे दोन वेगळे आहेत, आणि दोन्ही अहमदनगरचेच असल्याने लोक त्यांची सरमिसळ करतात. मुराद १५९९ मध्ये वारला. दुसरा वेढा शाहजादा दानियालने १६०० मध्ये घातला. मधल्या काळात तिने नेमलेला पेशवा मुहम्मद खान तिच्यावर उलटला होता आणि पुढे नेहंग खानाशीही तिचे बिनसले होते. (पेशवा हे पद निजामशाहीत होते. ते सातारच्या राज्यातच प्रथम निर्माण झाले असे समजू नये.) दुसऱ्या वेढ्यात किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने बहादूरला सुखरूप बाहेर काढण्याच्या अटीवर बोलणी करण्याचा विचार मांडला. त्यावर हमीद खानाने ती मुघलांना मिळाल्याची आवई उठवली, आणि भडकलेल्या जमावाने तिच्या महालात शिरून तिला ठार केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ऑगस्ट १६०० मध्ये, किल्ला पडला आणि बहादूरला ग्वाल्हेरच्या कैदेत पाठवण्यात आले. तिने विहिरीत उडी घेऊन जीव दिला अशी कथाही सांगतात, पण तवारिखांतली हकीकत खुनाची आहे. मलिक अंबरने पुढे ज्याला राजा केले तो मुर्तझा निजामशहा दुसरा होता, तिचा भाऊ मुर्तझा नव्हे.

मृत्यूचे वर्ष १५९९ की १६००, या प्रश्नामागे कालगणनेची एक साधी अडचण आहे. तवारिखांतील सन हिजरी आहेत. हिजरी वर्ष चांद्र असते आणि आपल्या इसवी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते, त्यामुळे ते इसवी सनाच्या दोन वर्षांत विभागले जाते. हिजरी १००८ हे वर्ष जुलै १५९९ मध्ये सुरू होऊन जुलै १६०० मध्ये संपते. महिना न देता नुसते वर्ष दिले असेल, तर बदल करणारा पहिला आकडा घेतो की दुसरा, यावर सगळे अवलंबून राहते. किल्ला कधी पडला हे महिन्यासह माहीत आहे आणि तिचा खून त्याच्या अगदी थोडा आधी झाला, म्हणून १६०० हेच वर्ष धरणे योग्य. वयांचेही असेच आहे. हिजरी मोजणीत पन्नाशी गाठलेला माणूस इसवी मोजणीत साडेअठ्ठेचाळीस वर्षांचा असतो, त्यामुळे तिच्या वयाबद्दल एक-दोन वर्षांचा फरक आढळला तर त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही.

राहिला प्रश्न ती दिसत कशी होती याचा. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली, चेहरा उघडा असलेली चांदबिबी अनेक संग्रहालयांत आहे आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरही तीच येते. ही चित्रे दख्खनमध्ये १७०० च्या सुमारापासून काढली जाऊ लागली आणि एकावरून दुसरे अशी त्यांची नक्कल होत राहिली. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी, तिला न पाहिलेल्या चितेऱ्यांनी ती काढली. तिच्या हयातीतल्या चित्रांचा विचार करताना माझे मन पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या एका हस्तलिखिताकडे जाते. आफताबी नावाच्या कवीने हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी रचलेल्या त्या फारसी काव्यात, ‘तारीफ-इ-हुसेनशाही’त, राजाशेजारी बसलेली राणी रंगवलेली होती. ती राणी खुंझा हुमायून, चांदबिबीची आई. नंतर कोणीतरी बहुतेक पानांवर तिच्या आकृतीवर रंग फासून ती झाकून टाकली. तख्तावर हुसेन एकटा बसल्यासारखा दिसतो, आणि त्याच्या बाजूला तिच्या आकाराएवढा डाग राहतो.